तुरटी, चुना आणि नलगोंडा

आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी पाण्याची परीक्षा डोळ्यांनी होत असे. पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घरी आले की घागरीच्या आतल्या अंगाला निवळीचे बी उगाळावयाचे, किंवा तुरटीचा खडा पाण्यात चार वेळा फिरवावयाचा आणि घागर रात्रभर हलवावयाची नाही. सकाळी वरचे पाणी निवळलेले असे. ते हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून, दुहेरी फडक्यातून गाळून घेतले की काम झाले. पुढे पटकीच्या साथींनी आपल्याला पाणी उकळावयास शिकविले. गाळणे आणि उकळणे या दोन क्रिया ज्या घरात नीट होतात, त्या घरातील पाणी निर्मळ, अशी आपली अजूनही समजूत आहे, आणि पुष्कळशा पाण्यांच्या बाबतीत ती खरीही आहे.

परंतु काही पाणी मुळातच आरशासारखे स्वच्छ असते. त्याला वास नसतो, रंग नसतो, चवीलाही ते गोड लागते. गाळले तरी फडक्यावर काही उरत नाही. उकळले तर त्यातील दोष कमी न होता वाढतो, कारण पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार तेवढाच मागे राहतो. अशा पाण्यातील एका क्षाराची, म्हणजे फ्लोराइडाची, आणि तो काढून टाकण्यासाठी माणसांनी केलेल्या खटपटीची हकिकत येथे सांगावयाची आहे. हा विषय बायकांच्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी म्हणेल. पण पाणी भरणारे, साठविणारे आणि लेकरांना पाजणारे हात कोणाचे, हे आपल्याला ठाऊक आहे. शिवाय या हकिकतीचा मधला भाग आपल्या विदर्भातल्या नागपुरातच घडलेला आहे.

फ्लोराइड कोणी पाण्यात आणून टाकीत नाही. निदान आपल्याकडे तरी ते खडकातून येते. ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीच्या जुन्या खडकांत फ्लोरिनयुक्त खनिजे असतात. पाणी त्या खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरून राहिले की ते खनिज थोडे थोडे पाण्यात उतरते. पश्चिम महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टाचा असल्यामुळे तिकडे हा त्रास फारसा नाही. पूर्वेकडे खडक बदलतो, आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडचा किनवटकडचा भाग येथील कित्येक गावांच्या पाण्यात फ्लोराइड सापडते. आंध्र, तेलंगण आणि राजस्थान यांची नावे तर या बाबतीत वरच्या ओळीत आहेत.

यातला दैवदुर्विलास असा, की उथळ विहिरीपेक्षा खोल विंधनविहिरीत हा दोष बहुधा अधिक आढळतो. पायऱ्यांच्या विहिरीतून नारू होई, उघड्या पाण्यातून पटकी होई. म्हणून स्वच्छ पाण्यासाठी सरकारने गावोगाव खोल विंधनविहिरी घेतल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर तर हातपंप खेड्यापाड्यांत घरच्यासारखा झाला. त्या पंपांनी लाखो जीव वाचविले यात शंका नाही. नारूचा आपल्या देशातील शेवटचा रोगी १९९६ साली नोंदला गेला, आणि त्यात या पंपांचा वाटा आहेच. पण काही गावांत त्याच पंपातून दुसरे दुखणे वर आले, आणि ते ओळखू यावयास फार वेळ लागला.

ते प्रथम ओळखले गेले ते अमेरिकेत, आणि तेही दातांवरून. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना घालून बसला. त्याला दिसले की तेथेच जन्मून वाढलेल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, पण बाहेरून मोठेपणी आलेल्यांच्या दातांवर ते नाहीत. या कोड्यामागे हा मनुष्य तीस वर्षे लागला. त्याच्या शोधात एक प्रसंग असा आहे की तो वाचताना माझे मन थांबले. १९२३ साली आयडाहो राज्यातील ओकली या लहानशा गावातील आईबापांना त्यांच्या मुलांच्या दातांवर असेच डाग दिसू लागले. मॅके तेथे गेला. पाच मैलांवरच्या एका कोमट झऱ्याचे पाणी नळाने गावात आणले तेव्हापासून हे सुरू झाले, असे आईबापांनीच त्याला सांगितले. मॅकेने पाणी तपासले. त्यात वावगे काही सापडले नाही. तरीसुद्धा त्याने गावाला सल्ला दिला की तो नळ सोडून द्या आणि दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्या. गावाने ऐकले. थोड्याच वर्षांत लहान मुलांना जे कायमचे दात आले, ते पांढरेस्वच्छ आले.

प्रयोगशाळेला जे दिसले नाही ते घरातल्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि एका वैद्याने ते खोटे मानले नाही. खुलासा १९३१ साली झाला. ॲल्युमिनियमच्या एका मोठ्या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल याने बॉक्साइट नावाच्या गावचे पाणी अधिक बारकाईने तपासले आणि त्यात फ्लोराइड भरपूर असल्याचे दाखविले. एवढ्या सूक्ष्म प्रमाणात फ्लोराइड शोधण्याची तोवर कोणाला गरजच भासली नव्हती. त्यानंतर १९५२ साली टेक्सस राज्यातील बार्टलेट या गावी, जेथे पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम फ्लोराइड होते, ते काढण्यासाठी शुद्धीकरण केंद्र उभारले गेले. तेथे पाणी ॲल्युमिनाच्या दाण्यांच्या थरातून सोडीत. फ्लोराइड दाण्यांना चिकटून राही, आणि थर भरला की दाहक सोड्याने धुऊन पुन्हा वापरीत.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे हे दुखणे नुसत्या दातांवर थांबलेले नव्हते. त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात शेतकऱ्यांना आधी बैलांत फरक दिसला, असे सांगतात. नांगराचे बैल सांधे आखडून चालेनासे होत. मग माणसांत तेच दिसू लागले. १९३७ साली शॉर्ट आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी तेथील रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली आणि हा पाण्यातील फ्लोराइडाचा परिणाम आहे हे सांगितले. पाठीचा कणा काठीसारखा ताठ झालेला, मान वळत नाही, मांडी घालून बसता येत नाही, खाली पडलेली वस्तू उचलता येत नाही. फ्लोराइड हाडात जाऊन बसते, हाड जाड आणि ठिसूळ होते, सांध्यांना बांधणारे स्नायुबंधही कठीण होतात. एकदा झालेले हे दुखणे परत फिरत नाही. त्यावर औषध नाही; पाणी बदलणे एवढाच उपाय, आणि तोही पुढच्या पिढीच्या कामाचा.

नलगोंडा हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्या मुलखात होता. म्हणजे आपला मराठवाडा आणि नलगोंडा एकाच राज्यात नांदत होते. १९५५ साली डॉ. सिद्दिकी यांनी तेथील रोगाविषयीचा निबंध इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे १९७३ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी या दोघांनी आणखी वाईट बातमी दिली. नलगोंड्याकडील मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांवर आपटत होते आणि पावले बाहेर फाकत होती. हा रोग म्हाताऱ्यांचा राहिला नव्हता. तो चालावयास शिकलेल्या, शाळेत जाणाऱ्या मुलांपर्यंत येऊन पोचला होता. गरिबीचे अन्न, कॅल्शियमची वाण आणि त्यात हे पाणी, असा तिहेरी मार त्या लेकरांवर होता.

येथे नागपूर पुढे येते. १९५८ साली आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ साली तिचे नाव बदलले, आणि आज आपण तिला ‘नीरी’ म्हणून ओळखतो. येथील शास्त्रज्ञ बार्टलेटच्या तोडीची किमती द्रव्ये वापरू शकत नव्हते. खेड्याला परवडेल असे काही हवे होते. म्हणून त्यांनी लाकडाचा भुसा घेऊन पाहिला, दगडी कोळसा घेऊन पाहिला. त्यांवर आम्लाची क्रिया करावयाची, मग तुरटीच्या पाण्यात ते मुरवावयाचे, आणि त्यातून पाणी गाळावयाचे. कोळशापासून केलेले असे एक द्रव्य १९६८ साली तयार झाले आणि त्याला ‘डिफ्लुरॉन-२’ असे नावही मिळाले. पण ते पुन्हा पुन्हा तुरटीने ताजे करावे लागे, आणि खेड्यात हा व्याप कोण सांभाळणार हा प्रश्न होताच.

तेव्हा कोळसा आणि भुसा बाजूला ठेवून सरळ तुरटीच का वापरू नये, या वाटेने काम गेले. १९७५ च्या सुमारास नीरीने जी पद्धत सिद्ध केली तिला ‘नलगोंडा पद्धती’ असे नाव मिळाले. तिच्यात लागते काय, तर तुरटी, चुना आणि विरंजक चूर्ण, म्हणजे आपण ज्याला ब्लीचिंग पावडर म्हणतो ते. आजीच्या घागरीतला खडा शास्त्राच्या दारातून असा परत आला. फरक मात्र प्रमाणाचा आहे. गढूळ पाणी निवळावयास जेवढी तुरटी लागते तिच्या कित्येक पट तुरटी येथे लागते. लिटरला काही शे मिलिग्रॅम. पाण्यात फ्लोराइड किती आणि त्याची क्षारता किती, या दोन्हींवर तिचे माप ठरते. चुना तुरटीच्या सुमारे विसाव्या हिश्श्याने घालतात. तुरटी पाण्यात विरघळली की तिच्यातील ॲल्युमिनियमचा पिंजलेल्या कापसासारखा साका धरतो. फ्लोराइड त्या साक्याला चिकटते आणि साक्याबरोबर तळाशी बसते. चुना नसेल तर पाणी आंबट होते आणि साका नीट धरत नाही.

घरी करावयाची रीत अशी सांगितली गेली. चाळीस लिटर मावेल अशी बादली किंवा पिंप घ्यावे, तळापासून चार बोटे वर तोटी बसवून घ्यावी. पाण्यात चुना आणि विरंजक चूर्ण घालून ढवळावे, मग तुरटीचे पाणी घालावे आणि दहा मिनिटे संथपणे ढवळीत राहावे. नंतर तासभर मुळीच हलवू नये. तोटीने वरचे पाणी काढून घ्यावे आणि तळाचा साका टाकून द्यावा. लिटरला पाचशे मिलिग्रॅम तुरटीचे माप असेल तर चाळीस लिटरला वीस ग्रॅम तुरटी झाली.

गावासाठी हेच काम मोठ्या प्रमाणावर करावयाचे, म्हणजे केंद्र उभारावयाचे. त्याचे बांधकाम कोणाही अभियंत्याला अपरिचित नाही. तुरटीचे द्रावण करण्याचे हौद, पाण्याच्या जोराच्या प्रवाहात ते झटकन मिसळण्याची जागा, नंतर संथ फिरणाऱ्या पात्यांचा हौद, त्यापुढे निवळण्याचा हौद, मग वाळूचा गाळणथर, आणि शेवटी जंतू मारण्यासाठी क्लोरिन. नदीच्या पाण्याचे केंद्रही थोडेफार असेच असते. अगदी लहान वस्तीसाठी एकच उभे टाके करीत. ते भरावयाचे, वीजयंत्राने ढवळावयाचे, निवळू द्यावयाचे आणि रिकामे करावयाचे. मोठे पहिले केंद्र १९८० साली आंध्रात, त्या वेळच्या अनंतपूर जिल्ह्यातील कदिरी येथे सुरू झाले. १९८६ साली केंद्र सरकारने पिण्याच्या पाण्याची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली, तेव्हा फ्लोराइड काढणे हे तिचे एक स्वतंत्र अंग होते, आणि नागपूरची ही पद्धत निरनिराळ्या प्रांतांत गेली. आफ्रिकेत टांझानिया देशातही ती वापरून पाहिली गेली. आपल्या विदर्भातल्या प्रयोगशाळेला हे भूषणावह आहे, यात वाद नाही.

पण अशी कितीतरी केंद्रे पुढे बंद पडली. कुलूप लागलेले दार आणि आत गंजलेली पाती, असे दृश्य एका प्रांताचे नव्हते. असे का व्हावे? बांधणाऱ्यांचे गणित चुकले होते असे मला वाटत नाही. गणित फक्त बांधण्यापुरते होते. तुरटीचे माप पाण्याप्रमाणे बदलते, आणि पाणी तर उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात दुसरे. म्हणजे मोजणारा माणूस तेथे रोज हवा. तुरटीचा साठा संपला की केंद्र नुसते पाणी हलवीत बसते. वीज गेली, यंत्र बिघडले, ग्रामपंचायतीकडे पगाराला पैसे नाहीत, यांतले एकही कारण पुरेसे. जास्त तुरटी पडली तर पाण्यात ॲल्युमिनियम राहते, त्यालाही आपल्या मानकाप्रमाणे लिटरला ०.२ मिलिग्रॅमची शेवटची मर्यादा आहे. शिवाय चव बदलते, आणि चव बदललेले पाणी बायका मुलांना पाजावयास तयार होत नाहीत. यात त्यांचा दोष तो काय? हातपंपाचे पाणी गोड आहे आणि केंद्राचे तुरट, हे जिभेला कळते. कोणते पाणी हाडात शिरते ते जिभेला कळत नाही.

आणि तो साका! काढलेले फ्लोराइड कोठे नाहीसे होत नाही, ते सारे तळाच्या गाळात बसलेले असते. तो गाळ केंद्राच्या मागे विहिरीच्या उतारावर टाकला तर पुढच्या पावसात फ्लोराइड घरी परत.

घरगुती बादलीविषयी तर मला निराळेच म्हणावयाचे आहे. वीस ग्रॅम तुरटीची किंमत शास्त्रज्ञांनी हिशोबात धरली आणि ती अगदी अल्प निघाली. पण रोज मोजून घालणे, दहा मिनिटे संथपणे ढवळणे, तासभर लेकरांना बादलीला हात लावू न देणे आणि साका लांब नेऊन टाकणे, हे काम करावयाचे कोणी? ज्या बाईने पहाटे उठून पाणी भरले, चूल पेटविली, भाकरी केल्या आणि मजुरीला जाण्यासाठी पाय उचलला, तिनेच. तिचा वेळ कोणत्याही कोष्टकात नव्हता. बरे, इतके करून फळ काय दिसावयाचे? पटकीच्या वेळी पाणी उकळले तर आठवड्यात साथ हटते. येथे जे फळ मिळावयाचे ते दहा वर्षांनी, आज पाळण्यातही नसलेल्या मुलाच्या दातांत आणि गुडघ्यांत. इतक्या दूरच्या फळासाठी माणसाने रोज नेम धरावा ही अपेक्षा लहान नव्हे. ज्या घरांनी तो धरला असेल त्यांना माझा नमस्कार असो.

खुद्द नलगोंड्यात पुढे काय झाले? कृष्णा नदी या जिल्ह्याच्या अंगावरून वाहते. नागार्जुनसागराचे धरणही तेथलेच. पायाभरणी १९५५ साली, पाणी सुटले १९६७ साली. त्या धरणाने विहिरींची पातळी चढून पाण्याचे रसायन अधिकच बिघडले असावे, असाही तर्क काही अभ्यासकांनी मांडला. पण मुनुगोडे, मर्रिगुडा इकडच्या उंच गावांना नदीचे पाणी मिळाले नाही. मोठी नदी शेजारी आणि घशात मात्र खडकाचे पाणी, ही तिथली तक्रार. अर्ज-विनंत्या करून लोक थकले. शेवटी १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी एक अजब उपाय केला. नलगोंडा मतदारसंघात तब्बल ४८० उमेदवार उभे राहिले! निवडून येण्याची आशा त्यांच्यापैकी बहुतेकांना नव्हती. दिल्लीने आपल्याकडे वळून पाहावे एवढीच इच्छा. मतपत्रिकेचे पुस्तक छापावे लागले आणि मतदान पुढे ढकलावे लागले. दिल्लीने पाहिले खरे, पण आधी उमेदवारीची अनामत रक्कम पाचशेवरून दहा हजारांवर नेली. पाणी त्यानंतर पुष्कळ उशिरा आले. तेलंगण राज्य झाल्यावर २०१६ साली ‘मिशन भगीरथ’ योजनेचे उद्घाटन झाले आणि कृष्णा व गोदावरीचे शुद्ध केलेले पाणी नळांनी गावोगाव जाऊ लागले. २०२० साली केंद्र सरकारच्या नोंदींत तेलंगणातील फ्लोराइडग्रस्त वस्त्यांची संख्या शून्य झाली. ज्या जिल्ह्याच्या नावाची पद्धत परदेशी गेली, त्या जिल्ह्याची सुटका अखेर दुसरे पाणी आणूनच झाली. ओकलीच्या आईबापांनी १९२३ साली जे केले तेच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर आणि फार उशिरा. वाकलेले गुडघे मात्र नळाच्या पाण्याने सरळ झाले नाहीत. ती माणसे अजून आहेत.

प्रत्येक गावाच्या अंगावरून कृष्णा वाहत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या आडवळणी पाड्यांना भूगर्भातील पाण्याशिवाय गती नाही, तेथे पाणी शुद्ध करावेच लागणार. नीरीने पुढे विजेच्या साहाय्याने, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतूनच साका तयार करणारी पद्धत बसविली आणि तिला सूर्याच्या उन्हावर चालविण्याची सोय केली, म्हणजे तुरटीचे माप आणि विजेची वाट पाहणे दोन्ही टळावे. गावोगाव दिसणारी ‘आरओ’ यंत्रेही फ्लोराइड काढतात. परंतु आत गेलेल्या पाण्याचा बराच भाग दाट क्षार घेऊन बाहेर पडतो, आणि तो कोठे जातो हे पाहिले पाहिजे.

आपल्यापैकी ज्यांची माहेरे तिकडे आहेत, किंवा ज्यांच्या शेतावर विंधनविहीर आहे, त्यांनी एकदा पाणी तपासून घ्यावे. आपल्या मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरे पाणी नसेल तर १.५ पर्यंत. घरात लहान मुलांचे पुढचे कायमचे दात येत असतील तर त्यांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी आडवे पट्टे दिसतात का तेही पाहावे. नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा. तो नेताना बाटली प्लास्टिकची न्यावी, काचेची नको, कारण फ्लोराइडाची काचेशी क्रिया होते. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळावी, काठोकाठ भरावी, आणि तिच्यावर गाव, विहीर व तारीख लिहावयास विसरू नये.